गोडघाशी

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
एकतीस वर्षं मी खोकल्याचं औषध तपासलं.
काचेवर एक थेंब, डोळा भिंगाला,
आणि वहीत साखरेचा आकडा.
तेव्हा गोड म्हणजे किती
हे मला कोणी शिकवू नये,
अशा तोऱ्यात पाचपाखाडीच्या त्या दुकानात शिरले,
निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी.
खांद्याला पिशवी, पिशवीत मुद्दाम वर ठेवलेली मेथी.

काउंटरवरचा पोरगा, खिशावर नाव हेरंब,
म्हणाला, कोणासाठी हवीय काकू?
माझ्यासाठी, म्हटलं, आणि मेथी सारखी केली.
गोड देऊ की कोरडी?

कोरडी?
कोरडी भाकरी ऐकली होती,
कोरड्या खोकल्यावर तर माझं घर चाललं,
कोरडी चौकशी करणारे दीर आहेत दोन.
पण बाटलीत डुचमळणारं, ओलं, थंडगार
ते कोरडं कसं?

यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं ना, म्हणाला,
मग ती कोरडी.
गोडमध्ये थोडी मागे ठेवलेली असते.

थोडी मागे ठेवलेली!
हे कळलं.
पगाराच्या दिवशी मीही ठेवायचे,
शंभराची एक नोट, गव्हाच्या डब्यात, खोल,
घरातल्या खाणाऱ्यांच्या हाताला लागू नये अशी.

मागे रांगेत बर्म्युडातले एक गृहस्थ
न विचारता म्हणाले, नवशिक्यांचं असतं हो ते. सरबत.
सगळे तिथूनच सुरू करतात,
मग जीभ तयार झाली की कोरडीकडे येतात.
माझी जीभ त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी जुनी असावी.
बोलले नाही. चष्मा काढून बाटलीची पाठ वाचत बसले.

उशिरा तोडलेली द्राक्षं, असं लिहिलेलं.
म्हणजे? विचारलं.
नाशकाकडची आहे काकू. घड वेलीवरच राहू देतात,
पाणी आटतं, साखर उरते,
पार सुरकुत्या पडेपर्यंत...
इथे तो थांबला आणि बिल करायला लागला.
शहाणा पोरगा.

खरं तर ही बाटली मिस्किटाची.
प्रयोगशाळेत शेजारच्या स्टुलावर बसायची,
चरईतून चालत यायची,
आणि दर नाताळला मनुकांची घरची वाईन आणायची,
आमच्याच औषधाच्या बाटलीत, आमचंच झाकण लावून.
दरवर्षी मी नाही म्हटलं.
गुरुवार आहे. घरी वास येईल. पोटाला बरं नाही.
एका वर्षी तर म्हटलं, मला गोड आवडत नाही,
आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यादेखत चार पेढे खाल्ले.
ती हसली. बाटली परत पिशवीत.
आता गुडघे गेलेत तिचे, मुलीकडे असते, वसईला.

रात्री स्टीलच्या पेल्यात ओतली.
काचेचे ग्लास आहेत, पण ते वरच्या फळीवर,
आणि स्टुलावर चढायचं नाही असं डॉक्टर म्हणतो.
निरोपसमारंभात कंपनीने दिलेलं भिंग काढलं.
एक थेंब. डोळा लावला. आकडा आला,
पण दारू मिसळली की तो आकडा खोटा येतो,
हे मीच तर नव्या मुलींना शिकवायचे.
भिंग पुसलं, डबीत ठेवलं.

मग प्यायले.
आधी मध, मग जर्दाळूसारखं काही,
आणि अगदी शेवटी, गोड विसरायच्या बेतात असताना,
जिभेच्या कडेला एक आंबट चिमटा.
वहीत याला रकाना नव्हता.

मिस्किटाला फोन लावला.
गोड आहे का गं?
आहे.
किती?
मी पेल्यात बघत राहिले.
पलीकडे तिच्या नातवाचा टीव्ही चालू होता.
थांब जरा, म्हटलं, अजून एक घोट घेते.

मेथी निवडायची तशीच राहिली.